व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा खर्ज कोठे अडतो आणि तो मोकळा कसा करावा

घरी बांधलेल्या किंवा जुन्या रेडिओग्रॅममधून (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेल्या पेटीतून) काढून नव्याने जुळवलेल्या व्हॉल्व्ह (काचेची निर्वात नळी) अ‍ॅम्प्लिफायरबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते. गायक समोर बसून गात असल्यासारखा वाटतो, बासरी आणि सारंगी गोड लागतात, पण डग्ग्याची घुमक टेबलावर बोटे आपटल्यासारखी कोरडी येते आणि तानपुऱ्याचा खर्ज जणू शेजारच्या खोलीतच राहून जातो. यावर मिळणारा सल्लाही बहुधा एकच असतो, तो म्हणजे कपॅसिटर मोठे घाला. हा सल्ला काही वेळा बरोबर ठरतो. पण अनेकदा पैसे खर्च होतात, चेसिसमध्ये (धातूच्या सांगाड्यात) गर्दी होते आणि आवाज होता तेथेच राहतो. याचे कारण असे की, गाणे सोडणाऱ्या फोनपासून श्रोत्याच्या कानापर्यंतच्या वाटेवरील प्रत्येक टप्प्याला स्वतःची एक खालची सीमा असते आणि ज्या टप्प्याची सीमा सर्वांत वर, तोच टप्पा एकंदर खर्ज ठरवतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा) ७० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ७० कंपनांच्या, खाली हात टेकत असेल, तर आधीच्या कपॅसिटरची सीमा १५ हर्ट्झवरून ५ वर आणल्याने काहीही साधत नाही. म्हणून आधी मोजावे आणि मगच सोल्डरिंग आयर्न तापत ठेवावे.

या लेखात उदाहरण म्हणून एक साधी आणि प्रचलित रचना घेतली आहे : प्रत्येक चॅनेलला ईसीसी८३ व्हॉल्व्हचा एक अर्धा भाग, त्यापुढे एकच ईएल८४ (स्पीकरला शक्ती देणारा आउटपुट व्हॉल्व्ह), सुमारे २५० व्होल्टचा पुरवठा आणि ५.२ किलोओहम प्रायमरीचा (व्हॉल्व्हच्या बाजूच्या वाइंडिंगचा) आउटपुट ट्रान्सफॉर्मर. हातात पडणारी शक्ती ४ ते ५ वॅट. हे दोन्ही व्हॉल्व्ह एके काळी भारत इलेक्ट्रॉनिक्स बेंगळुरूला बनवत असे, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या सेटमध्ये ते सर्रास दिसतात. आपला अ‍ॅम्प्लिफायर याहून वेगळा असला तरी शोधण्याची रीत तीच राहते, आकडे तेवढे बदलतात.

झाकण उघडण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. चेसिसखाली २५० ते ३५० व्होल्ट डीसी असते आणि प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरमध्ये (पुरवठा गुळगुळीत करणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये) ते टिकून राहू शकते. हा धक्का जिवावर बेतू शकतो. प्लग काढून मुख्य कपॅसिटरच्या दोन टोकांवर १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने काही सेकंद धरावा आणि मीटरवर ५ व्होल्टपेक्षा कमी दिसल्याशिवाय आत बोट घालू नये. मोजमापासाठी क्लिप लावायच्या त्या वीज बंद असताना लावाव्यात, मग वीज सुरू करून फक्त मीटरकडे पाहावे. स्पीकर किंवा त्याच्या जागी रेझिस्टर जोडलेला नसताना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर वाजवू नये. मोकळ्या सेकंडरीमुळे (स्पीकरच्या बाजूच्या वाइंडिंगमुळे) प्रायमरीवर इतके व्होल्टेज चढते की वाइंडिंगमधील इन्सुलेशन फुटू शकते.

दोष आत की बाहेर?

कानावर येथे फार विसंबता येत नाही. काळी एकमध्ये जुळवलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. पण तो मूळ स्वर अजिबात न वाजवणाऱ्या छोट्या रेडिओवरही आपल्याला ती तार ‘ऐकू’ येते, कारण वरच्या उपस्वरांवरून मेंदू मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणून गाणे बाजूला ठेवून सरळ एकसुरी ध्वनी वापरावा. फोनवर टोन जनरेटरचे फुकट अ‍ॅप घ्यावे, फोनमधील इक्वलायझर आणि बास बूस्ट बंद करावे आणि फोन अ‍ॅम्प्लिफायरला जोडावा. स्पीकर काढून त्या जागी ८.२ ओहम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर लावावा. स्पीकरचा विरोध वेगवेगळ्या कंपनसंख्यांना वेगवेगळा असतो आणि तो मोजमापात लुडबुड करतो, म्हणून हा खटाटोप.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ४०० हर्ट्झचा ध्वनी सोडावा आणि व्हॉल्यूम असा ठेवावा की रेझिस्टरवर २.८ व्होल्ट दिसतील. ८ ओहमवर ही साधारण १ वॅट शक्ती होते. आता व्हॉल्यूमला हात न लावता १००, ८०, ६०, ५०, ४० आणि ३० हर्ट्झ असे खाली उतरत जावे व प्रत्येक ठिकाणचे व्होल्ट कागदावर लिहावेत. जेथे आकडा २.० पर्यंत घसरतो, तेथे आउटपुट ३ डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबाने निम्म्याने, उतरलेले असते. हीच आपल्या अ‍ॅम्प्लिफायरची खालची सीमा. स्वस्त मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या आसपास चांगला चालतो. ३० हर्ट्झला तो थोडा इकडेतिकडे झाला तरी आपल्या कामापुरता पुरेसा आहे. त्यानंतर हीच फेरी ५ व्होल्टवर, म्हणजे सुमारे ३ वॅटवर, पुन्हा करावी. १ वॅटवर ठीक असलेला खर्ज ३ वॅटवर कोसळत असेल, तर दुखणे वेगळे असते. त्याकडे पुढे येऊ.

सीमा ४० हर्ट्झच्या खाली निघाली, तर अ‍ॅम्प्लिफायर जवळजवळ निर्दोष आहे आणि खर्ज स्पीकरमध्ये, खोलीत किंवा आधीच्या साधनात हरवतो आहे. माझा अनुभव असा की, तक्रारी घेऊन आलेल्या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांना आतून हात लावण्याची गरजच नसते. पण मालकाला ते पटत नाही, कारण लाल-नारिंगी प्रकाशणाऱ्या व्हॉल्व्हवर संशय घेणे सोपे आणि सोफ्यावर घेणे अवघड.

बाहेरचे दोष

सर्वांत स्वस्त दोष म्हणजे एका स्पीकरच्या तारा उलट लागणे. दोन्ही पडदे एकाच वेळी पुढे येण्याऐवजी एक पुढे आणि दुसरा मागे जातो, तेव्हा खालचे स्वर एकमेकांना खोडून काढतात. वरच्या स्वरांवर मात्र फारसा परिणाम जाणवत नाही. एखादे जुने मोनो ध्वनिमुद्रण लावावे, दोन्ही स्पीकर जवळजवळ ठेवावेत आणि अ‍ॅम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल करावी. ज्या जोडणीत आवाज भरीव आणि मध्यभागी येतो ती बरोबर. तारांचे रंग जुळतात म्हणून ही चाचणी टाळू नये, कारण उलटजोड स्पीकरच्या पेटीच्या आत किंवा ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीतही असू शकते.

दुसरा प्रश्न स्पीकरच्या निवडीचा. ५ इंची पडद्याचे आजचे छोटे स्पीकर शेल्फवर सुंदर दिसतात, पण त्यांपैकी अनेकांची संवेदनशीलता १ वॅटला १ मीटरवर ८६ डेसिबलच्या आसपास असते आणि साठ-सत्तर हर्ट्झच्या खाली ते मुळातच उतरू लागतात. ९२ डेसिबलचा स्पीकर तितकाच आवाज एक चतुर्थांश शक्तीत देतो. ४ वॅटच्या यंत्राच्या दृष्टीने हा फरक ४ वॅटऐवजी १६ वॅट मिळाल्यासारखा आहे आणि कोणताही कपॅसिटर बदलून तो मिळणार नाही. ज्यांना नवा खर्च करायचाच आहे, त्यांनी तो आधी येथे करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खोलीचे गणितही साधे आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागले की त्या लांबीत घुमणारी सर्वांत खालची कंपनसंख्या मिळते. १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर लांबीच्या दिवाणखान्यात ती सुमारे ४७ हर्ट्झ येते, १० फूट रुंदीला ५६ हर्ट्झ. या स्वरांचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक आणि खोलीच्या नेमक्या मध्यावर जवळजवळ शून्य असतो. खुर्ची मध्यावर असेल, तर ४७ हर्ट्झ खोलीत असूनही तेथे बसणाऱ्याला मिळत नाही. तोच ध्वनी सुरू ठेवून खोलीत चालून पाहावे. एका पावलाच्या अंतरात तो नाहीसा होतो आणि परत येतो, हे अनुभवल्यावर सल्ल्याची गरज उरत नाही. खुर्ची दोन-तीन फूट मागे न्यावी, स्पीकर भिंतीजवळ किंवा कोपऱ्याकडे सरकवावेत. कोपऱ्यात खर्ज भरपूर वाढतो, इतका की गायकाचा आवाज मडक्यातून आल्यासारखा होऊ शकतो, म्हणून वीतभर वीतभर पुढे आणत योग्य जागा शोधावी.

रेकॉर्ड प्लेअर जोडणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. रेकॉर्डवर खर्ज मुद्दाम दाबून कोरलेला असतो आणि मॅग्नेटिक कार्ट्रिजसाठीचा (कार्ट्रिज म्हणजे सुई धरणारा भाग) फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायर तो परत वाढवतो. ही वाढ २० हर्ट्झच्या जवळ १ किलोहर्ट्झच्या तुलनेत सुमारे १९ ते २० डेसिबल असते. प्रीअ‍ॅम्प्लिफायर वगळून कार्ट्रिज थेट जोडले, तर आवाज हलका आणि चिरका येणारच. जुन्या पोर्टेबल प्लेअरमधील सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिजची गोष्ट उलट आहे : त्याला १ मेगाओहम किंवा अधिक विरोधाचे इनपुट लागते. ४७ किलोओहमच्या इनपुटला ते जोडले की खर्जच काय, मधला सप्तकही पातळ होतो. व्हॉल्व्हच्या इनपुटला १ मेगाओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल देणे अगदी सहज शक्य असते आणि जुन्या रेडिओग्रॅममध्ये तो तसाच असे.

आतला शोध : ग्रिडपासून सुरुवात

आता रेझिस्टरवरील मोजणीत सीमा वर निघाली आहे, असे धरून चालू. यंत्राचे दोन भाग पाडण्याची जागा म्हणजे ईएल८४ चे ग्रिड, म्हणजे जेथून संगीत त्या व्हॉल्व्हमध्ये शिरते ते टोक. तेथे डीसी जवळजवळ शून्य असते, त्यामुळे मोजणे तुलनेने सोपे जाते. आउटपुटला १ वॅट असताना ग्रिडवर साधारण दीड व्होल्ट एसी दिसेल. आता पुन्हा ४०० पासून ३० हर्ट्झपर्यंत उतरावे. ग्रिडवरचे व्होल्ट स्थिर आणि आउटपुटचे घसरत असतील, तर दोष ईएल८४, त्याचा कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारे टोक) किंवा ट्रान्सफॉर्मर यांच्यात आहे. ग्रिडवरच घसरण दिसली, तर तो ईसीसी८३ च्या बाजूला आहे.

आउटपुटपासून मागे निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलट करून आधीच्या टप्प्याला देणे) दिलेला असेल, तर मात्र वेगळे चित्र दिसते आणि ते पाहून भले भले गोंधळतात. ट्रान्सफॉर्मर कमजोर असला की फीडबॅक त्याची उणीव भरून काढण्यासाठी ग्रिडला अधिक जोर लावतो. म्हणजे खाली उतरताना ग्रिडवरचे व्होल्ट कमी न होता वाढतात. ही वाढ म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या अशक्तपणाची कबुलीच होय.

ग्रिडवर घसरण असेल, तर पहिला संशयित कपलिंग कपॅसिटर, म्हणजे दोन व्हॉल्व्हच्या मध्ये डीसी अडवून संगीत पुढे सोडणारा. येथे हिशेब पाठ करण्याजोगा आहे : १५९ या संख्येला किलोओहम आणि मायक्रोफॅरड यांच्या गुणाकाराने भागले की सीमा हर्ट्झमध्ये मिळते. ०.०२२ मायक्रोफॅरड आणि ४७० किलोओहम असतील तर ती सुमारे १५ हर्ट्झ येते, ०.०१ असेल तर ३४. पण त्याच ०.०१ मायक्रोफॅरडपुढे कोणी २२० किलोओहमचा ग्रिड रेझिस्टर लावला असेल, तर सीमा एकदम ७२ हर्ट्झवर चढते. कॅथोड बायस (ग्रिडचे ऋण व्होल्टेज कॅथोडच्या रेझिस्टरमधून मिळणे) असलेल्या ईएल८४ ला ग्रिड रेझिस्टर १ मेगाओहमपर्यंत चालतो, फिक्स्ड बायस (ते वेगळ्या पुरवठ्यातून देणे) असेल तर ३०० किलोओहमच्या वर जाऊ नये. माझ्या मते ४७० किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड ही जोडी पुरेशी आहे. तिची सीमा ७ हर्ट्झच्या आसपास येते. कपॅसिटर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचा, ६३० व्होल्टचा घ्यावा. सिलिकॉन डायोडचा पुरवठा असेल, तर व्हॉल्व्ह तापण्यापूर्वीच पूर्ण व्होल्टेज चढते आणि ४०० व्होल्टच्या कपॅसिटरला तेव्हा फारशी मोकळीक राहत नाही. याहून मोठा कपॅसिटर घालण्याचा मोह आवरावा. ०.४७ घातला, तर वाकड्या रेकॉर्डचे काही हर्ट्झचे हेलकावेही ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचतात, त्याचा लोखंडी गाभा त्या न ऐकू येणाऱ्या कामात गुंततो आणि ऐकू येणारा खर्ज उलट मळकट होतो.

जुने कागदी कपॅसिटर मोजमापात योग्य दिसले तरी गळके असतात. संगीत बंद ठेवून ईएल८४ च्या ग्रिडवर डीसी मोजावे. ते शून्य हवे. अर्धा व्होल्ट किंवा अधिक धन व्होल्ट दिसले, तर यंत्र बंद करून ईएल८४ काढावा आणि पुन्हा थोडा वेळच सुरू करून मोजावे. व्होल्ट तसेच राहिले तर कपॅसिटर गळतो आहे, नाहीसे झाले तर व्हॉल्व्हमध्येच दोष आहे. हे धन व्होल्ट ईएल८४ मधून गरजेपेक्षा जास्त प्रवाह ओढतात, प्लेट (व्हॉल्व्हमधील इलेक्ट्रॉन गोळा करणारा पत्रा) लालसर होऊ शकते आणि तो वाढीव डीसी ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला चुंबकत्वाने आधीच अर्धा भरून टाकतो. म्हणजे एका गळक्या कपॅसिटरमुळे खर्ज दोन्हीकडून मार खातो.

दुसरा संशयित कॅथोडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ईसीसी८३ ला १.५ किलोओहमचा कॅथोड रेझिस्टर आणि १०० किलोओहमचा प्लेट रेझिस्टर असेल, तर कॅथोडकडे पाहताना प्रत्यक्ष विरोध साधारण ७७५ ओहम दिसतो. २५ मायक्रोफॅरडला सीमा ८ हर्ट्झ, म्हणजे उत्तम. पण चाळीस-पन्नास वर्षांत तोच कपॅसिटर सुकून १ मायक्रोफॅरड उरला, तर सुमारे २०० हर्ट्झच्या खाली आवाज उतरू लागतो. तो पूर्ण तुटला, तर मात्र केवळ खर्ज न जाता सगळाच आवाज जवळजवळ निम्मा होतो, आणि हा फरक निदानाला उपयोगी पडतो. ईएल८४ ला साधारण १३५ ओहमचा कॅथोड रेझिस्टर असतो आणि त्याच्या कॅथोडचा विरोध पन्नास ओहमच्या घरात येतो, म्हणून तेथे ५० किंवा १०० मायक्रोफॅरड अपुरे पडतात. १०० ला सीमा ३० हर्ट्झच्या आसपास राहते. २५ किंवा ३५ व्होल्टचा २२० किंवा ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर धन-ऋण टोके पाहून लावावा. जुना काढण्याची घाई नको : यंत्र बंद असताना नवा कपॅसिटर जुन्याला समांतर क्लिपने जोडून मोजणी पुन्हा करावी. आकडे बदलले तर बदलावा, न बदलले तर चार रुपये आणि एक जुना सुबक सांधा वाचला.

पॉवर सप्लायकडे थोडक्यात पाहू. एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या रचनेत संगीताचा प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून पुढे शेवटच्या फिल्टर कपॅसिटरमधूनच जमिनीला जातो, म्हणून तो सुकलेला असेल तर हम (विजेची गुणगुण) वाढते आणि खर्जाचाही ऱ्हास होतो. त्या जागी ४७ ते १०० मायक्रोफॅरड, पुरवठ्यापेक्षा किमान १०० व्होल्टने अधिक क्षमतेचा कपॅसिटर पुरेसा होतो. रेक्टिफायर व्हॉल्व्हला (एसीचे डीसी करणाऱ्या) लागून असलेला पहिला कपॅसिटर मात्र मनमानीने वाढवू नये : ईझेड८१ ला ५० आणि जीझेड३४ ला ६० मायक्रोफॅरड ही मर्यादा आहे. वाढ करायची ती चोक (पुरवठा गुळगुळीत करणारे तारेचे वेटोळे) किंवा रेझिस्टरच्या पलीकडे करावी. वर्षानुवर्षे बंद पडलेला सेट प्रथम सुरू करताना सिरीज टेस्ट लॅम्प (मुख्य वीजवाटेत मध्ये जोडलेला बल्ब) लावूनच करावा. हीटरवर (व्हॉल्व्हच्या आतील तापणाऱ्या तारेवर) ६.३ व्होल्ट आहेत का, हेही याच बैठकीत पाहून घ्यावे.

लोखंडापुढे इलाज चालत नाही, पण वळसा घालता येतो

ग्रिड स्थिर, कॅथोड ठीक आणि तरी खर्ज नाही, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. मुठीत मावणारा रेडिओचा ट्रान्सफॉर्मर ६ इंची स्पीकर आणि बातम्या यांसाठी केलेला असतो. त्याच्या प्रायमरीचा इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला अडवण्याची क्षमता, जी हेन्रीमध्ये मोजतात) कमी असला की खालचे स्वर स्पीकरला जाण्याऐवजी त्या वाइंडिंगमध्येच वाहून जातात. सीमा काढण्यासाठी व्हॉल्व्हचा अंतर्गत विरोध आणि लोड (ट्रान्सफॉर्मरमधून व्हॉल्व्हला दिसणारा स्पीकरचा विरोध) यांचा समांतर विरोध घ्यावा आणि त्याला इंडक्टन्सच्या ६.२८ पटीने भागावे. ईएल८४ पेंटोड म्हणून (स्क्रीन ग्रिड हे दुसरे ग्रिड पुरवठ्याला जोडून) चालतो तेव्हा त्याचा अंतर्गत विरोध ३८ किलोओहम, ५.२ किलोओहमशी समांतर धरला की सुमारे ४.६ किलोओहम. १० हेन्रीला सीमा येते ७३ हर्ट्झ. हाच तो हरवलेला खर्ज.

इंडक्टन्स घरी मोजता येतो. ट्रान्सफॉर्मर सर्किटपासून पूर्ण सोडवावा, सेकंडरी मोकळी ठेवावी आणि ६.३ व्होल्टच्या वेगळ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे एसी ३.३ किलोओहमच्या रेझिस्टरमधून प्रायमरीला द्यावे. सेकंडरीला चुकूनही देऊ नये, तेथून प्रायमरीवर धोकादायक व्होल्टेज तयार होते. समजा, रेझिस्टरवर ४.६ आणि प्रायमरीवर ४.३ व्होल्ट दिसले. ३३०० ला ४.३ ने गुणून ४.६ ने भागावे, मग ३१४ ने भागावे. उत्तर सुमारे ९.८ हेन्री येते. कामाच्या वेळचा डीसी येथे नसल्याने हा अंदाज आहे, पण ५ हेन्री आणि २० हेन्री यांतला फरक तो नक्की सांगतो.

नवा ट्रान्सफॉर्मर घेण्याआधी तीन वळसे करून पाहावेत. पहिला अगदी फुकट आहे : सेकंडरीला १६ ओहमचे टोक असेल, तर ८ ओहमचा स्पीकर त्यावर जोडावा. प्रायमरीला दिसणारा लोड निम्मा होतो, सीमा ७३ वरून सुमारे ३९ हर्ट्झवर येते आणि त्या बदल्यात कमाल शक्ती थोडी घटते. याच्या उलट, ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमच्या टोकावर असेल तर खर्ज आणखी आटतो. ही चूक अनेकदा सापडते.

दुसरा वळसा ईएल८४ ला ट्रायोड म्हणून जोडण्याचा. स्क्रीन ग्रिड पुरवठ्यापासून सोडवून १०० ओहमच्या रेझिस्टरमधून प्लेटला जोडावे. अंतर्गत विरोध ३८ वरून २ किलोओहमच्या आत येतो आणि त्याच १० हेन्रीच्या ट्रान्सफॉर्मरची सीमा २२ हर्ट्झच्या आसपास उतरते. किंमत अशी की शक्ती सुमारे २ वॅट उरते. ईएल८४ च्या स्क्रीनला ३०० व्होल्टची मर्यादा आहे, म्हणून पुरवठा त्याहून अधिक असेल तर हे करू नये. संवेदनशील स्पीकर आणि लहान खोली असणाऱ्यांना हा बदल इतका आवडतो की ते सहसा परत फिरत नाहीत.

तिसरा वळसा निगेटिव्ह फीडबॅक. ईसीसी८३ च्या कॅथोडचा इलेक्ट्रोलिटिक काढून टाकावा आणि सेकंडरीच्या गरम टोकापासून, म्हणजे चेसिसला न जोडलेल्या टोकापासून, त्या कॅथोडला ४७ किलोओहमचा रेझिस्टर द्यावा. सेकंडरीचे दुसरे टोक चेसिसला हवे. यंत्र किंचाळू लागले किंवा आवाज वाढला, तर सेकंडरीच्या तारा उलट कराव्यात. या रचनेत सुमारे ८ डेसिबल फीडबॅक मिळतो, लहान आवाजात सीमा ३० हर्ट्झच्या खाली जाते आणि पेंटोडचा ५८ ओहमच्या आसपास असलेला आउटपुट विरोध कागदावर ४ ओहमपर्यंत उतरतो. त्यामुळे स्पीकरच्या रेझोनन्सवर एकच स्वर ‘बुम्’ करून घुमण्याची खोडही जाते. फीडबॅक दिलेल्या यंत्रात मात्र कपलिंग कपॅसिटर आणि फिल्टर यांचे आकडे मनाला येईल तसे वाढवू नयेत. खालच्या दोन सीमा जवळजवळ आल्या की यंत्र मचव्याच्या इंजिनासारखे ‘फट्-फट्’ करू लागते. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेला विल्यमसन अ‍ॅम्प्लिफायर २० डेसिबल फीडबॅकमुळे गाजला, पण त्याच्या नकला करणाऱ्यांना याच कारणाने पुरते जेरीस आणले.

या वळशांनी लहान आवाजातील खर्ज सुधारतो. ३ वॅटच्या फेरीत कोसळणारा खर्ज त्यांनी सुधारत नाही. गाभ्यातील चुंबकत्व व्होल्टेजबरोबर वाढते आणि कंपनसंख्या निम्मी झाली की दुप्पट होते. १०० हर्ट्झला ४ वॅट देणारा गाभा ५० हर्ट्झला १ वॅटवरच भरून जातो आणि त्यापुढे स्वर फाटका, गुणगुणता होतो. त्याला मोठे लोखंडच हवे. वाइंडिंग करून घेताना कारागिराला हे लिहून द्यावे : प्रायमरी ५.२ किलोओहम, डीसी ५० मिलिअँपियर, इंडक्टन्स २० हेन्री, ४० हर्ट्झला ५ वॅट, प्रायमरी आणि सेकंडरीचे थर आलटूनपालटून आणि स्टॅम्पिंगमध्ये (गाभ्याच्या लोखंडी पट्ट्यांत) कागद घालून फट. शेवटचा मुद्दा अधोरेखित करावा. मी एकदा तो सांगायचा विसरलो आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर बनवण्याची सवय असलेल्या कारागिराने ‘ई’ आणि ‘आय’ पट्ट्या नेहमीसारख्या एकाआड एक उलटसुलट बसवून दिल्या. दिसायला देखणा, वजनाने दणकट आणि आवाजाला जुन्याहून पातळ, कारण फट नसल्याने ५० मिलिअँपियरच्या डीसीनेच गाभा भरून गेला होता. पट्ट्या काढून सर्व ‘ई’ एका बाजूला, सर्व ‘आय’ दुसऱ्या बाजूला आणि मध्ये पातळ कागद अशी रचना केल्यावर तोच ट्रान्सफॉर्मर सुरेख चालू लागला. दोन व्हॉल्व्ह विरुद्ध दिशांनी काम करणाऱ्या पुश-पुल रचनेत डीसी परस्परांना खोडतो, म्हणून तेथे फट नको. मात्र दोन्ही व्हॉल्व्हचे प्रवाह असमान असतील तर तेथेही खर्ज बिघडतो, म्हणून प्रत्येक कॅथोडमध्ये १० ओहमचा रेझिस्टर घालून ते जुळवून घ्यावेत.

टोन कंट्रोलने खर्ज वाढवण्याचा विचार असेल, तर ६ डेसिबल वाढीला त्या स्वरांपुरती चौपट शक्ती लागते, हे ४ वॅटच्या मालकाने विसरू नये. ज्यांना मोठ्या खोलीत खरोखर खोल खर्ज हवा आहे, त्यांच्यासाठी उलटा मार्ग अधिक बरा आहे. ईएल८४ चा ग्रिड रेझिस्टर २२० किलोओहम आणि कपलिंग ०.०१ मायक्रोफॅरड ठेवून व्हॉल्व्हला ७० हर्ट्झच्या खालच्या कामातून मुद्दाम मोकळे करावे आणि फोन किंवा प्रीअ‍ॅम्प्लिफायरपासून वेगळी तार काढून ते काम स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या सबवूफरला (फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरला) द्यावे. त्याचा क्रॉसओव्हर (ज्याखालचे स्वर तो वाजवतो ती सीमा) ७० हर्ट्झवर ठेवून ५०, ७० आणि १०० हर्ट्झचे ध्वनी आळीपाळीने सोडावेत आणि बसण्याच्या जागी तिन्ही सारखे ऐकू येईपर्यंत सबवूफरचा व्हॉल्यूम आणि फेजचे बटण (त्याच्या पडद्याची पुढे-मागे हालचाल स्पीकरशी जुळवणारे) जुळवावे.